ट्रॉलीचं स्टिअरिंग

रवीवर मी अजून चिडून आहे, कारण ऐका. कॉलेजचा आम्हा दोघांचा प्रोजेक्ट म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर आपोआप चालणारी गाडी. दुसऱ्या दिवशी परीक्षकांना दाखवायची होती, आणि ती जरा उजवीकडे सरकली की स्टिअरिंग आणखी उजवीकडेच वळवून खड्ड्यात जायची. शेवटी कोडमध्ये एक जादाचं वजाचं चिन्ह सापडलं.

"हे कुणी टाकलं?" मी ओरडलो.

"मीच," टेंभुर्णीचा रवी म्हणाला. "स्टिअरिंग उलटंच फिरवावं लागतं. घरी ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेताना बराबर तसंच करतो मी."

"अरे, हिला ट्रॉली कुठाय? अन् ही पुढं जाऊन राह्यली! असलं कोड एक दिवस खऱ्या गाडीत जाईल, त्यात माणसं बसतील!"

रवी माझ्यावरच उखडला. "मंग पुढं जायचंय हे आधी सांगायचं न्हाई का?"