ओंजळभर पानी

मी मूळची गास गावची. आमची भातशेती, थोडी वांगी-मिरची, आनि विहिरीवर रहाट. इंग्रज गेले त्याच सुमाराला माझं पहिलं कम्युनियन आलं, म्हंजे देवाची पवित्र भाकर पहिल्यांदा जिभेवर घ्यायचा दिवस, नऊ-दहा वर्षांची असेन मी. काय सांगू तुम्हाला, तेव्हा मिस्सा, म्हंजे देवळातली मोठी प्रार्थना, सगळी लातीनमधी, फादर गोरे, लांबच्या मुलखातले, आमच्याकडं पाठ फिरवून म्हनायचे नि आम्ही मागं आपापली रोझरीची माळ जपायची. घंटी वाजली की मान खाली, परत वाजली की वर. एक अक्षर कळत नव्हतं कोनाला, पन गुडघे वेळेवर टेकायचे.

नियम कडक हो. कम्युनियन घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पोटात काही जाता कामा नये, पान्याचा थेंबसुद्धा नाही. दोत्रीन, म्हंजे धर्माचे धडे, शिकवनाऱ्या बाईंनी शंभरदा बजावलेलं. आनि त्या सकाळी मी काय केलं, उठले, रोजच्यासारखी रहाटाकडं गेले, तोंड धुतलं नि ओंजळभर पानी पिऊन मोकळी झाले. गिळल्यावर आठवलं.

सांगायचं कोनाला? आयनं पांढरा झगा शिवून घेतलेला, स्वतः ठेवनीतलं लाल लुगडं नेसलेली, आत्या वटार गावावरनं चालत आलेल्या. माझी छातीच झाली नाही. मिस्सा चालू झाली, लातीन कळत नव्हतंच, त्या दिवशी ऐकूही येईना, एकच मनात, घेतलं तर पाप, नाही घेतलं तर आयची मान खाली. रांगेत गुडघे टेकले. फादर समोर आले, लातीनमधी काय ते म्हनाले, आनि मी ओठ घट्ट मिटले. ते थांबले, परत म्हनाले. मी मान हलवली. ते पुढच्या पोरीकडं गेले.

बाहेर आयनं दंड धरला, कसलं पाप केलंस सांग. मी नुसती रडते. तेवढ्यात फादर आले. त्यांना मराठी चार शब्द येत होते, मला रडन्यात तेवढेही फुटेनात, मग मी ओंजळ करून तोंडाला लावून दाखवली. फादर हसले. आयला म्हनाले, पोरगी खरी, उद्या आन.

दुसऱ्या दिवशी आयनं मला विहिरीकडं फिरकूच दिलं नाही, तोंडसुद्धा ओल्या फडक्यानं तिनंच पुसलं. शेतावर मानसं खोळंबलेली, नि ही सोमवारी लाल लुगडं नेसून देवळात. आम्ही पाच-सहा जनंच. मी तोंड उघडलं. मागं आय मुसमुसत होती.

पुढं कितीतरी वर्षं बायका तिला विचारायच्या, तुझी पोरगी त्या दिवशी तशीच का परतली गं? ती सरळ बघून सांगायची, माझ्या पोरीनं देवाला फसवलं नाही.

आता मिस्सा मराठीत, सगळं कळतं, माझी सून वर वेदीपाशी जाऊन बायबलचं वाचन करते. सुखात आहे मी. फक्त कम्युनियनच्या वेळी कोन बाकावर बसून राहिलेलं दिसलं ना, तर मी त्याच्याकडं वळून बघत नाही. त्याच्या नावानं एक नमो मरियाची प्रार्थना म्हनते. तुमचंही भलं होवो.