मोठ्या पडद्यावरचा विराम

(मुलगी फोनवर आहे. फोन टीव्हीशेजारी, स्पीकर चालू.)

बाबा : परत तेच. नो सिग्नल! अगं चिमे, वायर दोन्हीकडे नीट खुपसली आहे. एक टोक कॉम्प्युटरच्या पाठीत, दुसरं टीव्हीच्या.

मुलगी : बाबा, रिमोटवर सोर्सचं बटण दाबा. मग एचडीएमआय निवडा.

बाबा : कॉम्प्युटर बेडरूममध्ये, टीव्ही हॉलमध्ये आणि मधे दारात ही वायर ताणलेली. तुझी आई दोनदा अडखळली.

आई : तीनदा. अहो, आत कॉम्प्युटरवरच दाखवा ना पाहुण्यांना नाटकाचा व्हिडिओ. खुर्च्या टाकते मी.

बाबा : मॅनेजरसाहेबांना बेडरूममध्ये बसवू? आणि दिग्दर्शकांना काय कपाटाला टेकून उभं करू? अगं, बँकेच्या नाटकात असा विराम आजवर कुणी घेतला नाही, असं साहेब स्वतः म्हणाले. तो काय त्या वीतभर अंधाऱ्या स्क्रीनवर दाखवायचा?

मुलगी : बाबा, विरामाचं ऐकलंय मी.

बाबा : परत ऐक. मी वकील. शेवटचं भाषण. "न्यायमूर्ती, माझ्या अशिलाने दार तोडलं नाही, कारण..." आणि थांबलो. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी. मग हळूच, "दार उघडंच होतं!" काय टाळ्या, काय टाळ्या!

आई : तेव्हापासून घरात प्रत्येक वाक्यात विराम आहे. परवा मला म्हणाले, "अगं, गॅसवर..." आणि थांबले. गेलं ना दूध उतू.

बाबा : आलं! चित्र आलं! पण हे काय, तोंड हलवतोय मी हॉलमध्ये आणि बोलतोय बेडरूममध्ये.

मुलगी : आवाज अजून कॉम्प्युटरमधूनच येतोय. तिथे खाली कोपऱ्यात स्पीकरचं चित्र असेल, त्यावर क्लिक करून टीव्ही निवडा.

बाबा : म्हणजे परत आत. सरक गं, वायर ओलांडू दे.

आई : गेले. चिमे, ऐक. हे मोठ्या पडद्यावर नको. काहीतरी सांग ना यांना. टीव्हीच जुना आहे म्हण.

मुलगी : आई, मला पाठवला होता त्यांनी व्हिडिओ. मी माझ्या टीव्हीवर बघितलाय.

आई : मग?

मुलगी : मग काय! विंगेत तू. चष्मा चमकतोय आणि ओठ हलतायत.

आई : अगं बाई! आपल्या कॉम्प्युटरवर तिथे नुसता काळोख आहे.

मुलगी : तुला तर शेवटच्या रांगेत बसायला सांगितलं होतं ना?

आई : हो. समोर बसले की यांच्याबरोबर माझेही ओठ हलतात आणि यांना हसू फुटतं. पण मला कुठला दम निघतोय? महिनाभर स्वयंपाकघरात मीच पाठ करून घेतलंय. गेले हळूच विंगेत. आणि "कारण" म्हणून हे जे थांबले, ते थांबलेच! गेले होते गं, पुरते विसरले होते. मी कुजबुजले. यांना वाटतं, आपलं आपल्यालाच आठवलं.

मुलगी : मग सांगून टाक ना.

आई : काय सांगू? उभा जन्म शिक्के मारण्यात गेला. पहिल्यांदा टाळ्या मिळाल्यात माणसाला. शिवाय त्या दिग्दर्शकांचा नियमच आहे, विंगेतून शब्द घेतला की पुढच्या नाटकात काम नाही. आणि आज ते पुढच्या नाटकाचंच बोलायला येतायत.

बाबा : काय कुजबुज चालली आहे? आला का आवाज हॉलमध्ये?

मुलगी : आला, बाबा! आता एक करा. रिझोल्यूशन एकदम कमी करा. म्हणजे... चित्र अडकणार नाही.

बाबा : कमी? बरं. केलं. अरेरे! हा मी आहे की न्यायाधीश? मिशी आहे की डाग?

आई : छान दिसताय. दहा वर्षांनी तरुण. असंच ठेवा.

बाबा : असंच काय ठेवा! आत यादीत सगळ्यांत वर एचडीचा आकडा आहे, एकोणीसशे वीस बाय एक हजार ऐंशी. शेजारी "शिफारस केलेले" असं लिहिलंय. कॉम्प्युटर स्वतः शिफारस करतोय आणि आमची मुलगी म्हणते कमी करा.

आई : अहो, वायर बघा! अहो!

मुलगी : आई, मी फोन ठेवू?

आई : खबरदार. साक्षीला थांब.

बाबा : हे बघ! याला म्हणतात चित्र! कोटाचं बटण लोंबतंय तेसुद्धा दिसतंय. शिवलं नाहीस ना? आता गप्प बसा. आला विराम. "तोडलं नाही, कारण..." बघ, डोळे बघ माझे! आणि तिकडे विंगेत काय चमकतंय?

आई : दिवा असेल.

बाबा : दिव्याला चष्मा असतो?

मुलगी : बाबा...

बाबा : थांब, मागे घेतो. दिव्याचे ओठ हलतायत. "दार उघडंच होतं." आधी दिवा म्हणतोय, मग मी.

आई : रागावू नका. माझ्याच्याने राहवलं नाही.

बाबा : चिमे, तुला माहीत होतं?

मुलगी : माझा टीव्ही पण एचडी आहे, बाबा.

बाबा : गंमत सांगू? तो शब्द आठवला ना, तो हिच्याच आवाजात आठवला होता. मी म्हटलं, महिनाभर हिनेच पाठ करून घेतलंय, म्हणून असेल.

आई : बेल वाजली. अहो, आले ते! पळा, चित्र पुसट करा आधी.

बाबा : राहू दे.

आई : राहू दे काय? तुमचं पुढचं काम जाईल.

बाबा : जाईल तर जाईल. मला वाईट वाटेल, चार दिवस तोंड पाडून बसेन. पण तुला पुसट करून माझ्या टाळ्या ऐकायच्या, हे मला जमायचं नाही.

आई : आणि त्यांनी विचारलं, ही कोण, तर?

बाबा : सांगेन ना. छाती पुढे काढून सांगेन, साहेब, ती विंगेत उभी आहे ना, ती माझी... ती माझी...

आई : विराम आहे, की विसरलात?

बाबा : विसरलो. सांग.

आई : बायको. जा आता, दार उघडा.