नळाखालचं पोरगं

आमच्या बायकोला पोरानं चिखलात खेळलेलं अजिबात खपायचं न्हाय. परवा पावसानं ग्राउंडावर नुसता चिखलाचा राडा झालता, तरी गल्लीतली पोरं फुटबॉल खेळायला गेलती. संध्याकाळी पोरगं दारात आलं ते डोक्यापासनं पायापर्यंत माखलेलं. नुसते डोळे तेवढे दिसत होते. हिनं दंडाला धरून नळाखाली उभं केलं आणि घासता घासता बोलायला सुरुवात केली. मी चहा पीत बसलो.

तोंडावरचा चिखल गेला, तर खालनं शेजारच्या पाटलांचा विराज निघाला. दोघांची जर्सी एकच की.

"अरे, तू इथं कसा?"

"काकू, तुमचा ओमच म्हणला, घरं बदलूया. दुसऱ्याच्या पोराला कोण मारत न्हाय."

तेवढ्यात कंपाउंडच्या पलीकडनं पाटीलवैनींची हाक आली, "वैनी, तुमचा ओम धुऊन झालाय. आमचा झाला असंल तर द्या पाठवून."

बायकोनं साबण खाली ठेवला आणि मला म्हणाली, "खेळूदे उद्यापासनं चिखलात. पण तोंड तेवढं धुऊन यायला सांगा. कुणाला बोलायचं ते तरी कळूदे."