एकाआड एक फळी

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या अग्निशमन दलाचे प्रमुख किन्ली रॅफ्यूझ, व्यासपीठावर विराजमान असलेल्या आपल्या चर्चच्या धर्मगुरू ऑलिव्ह मोशर, आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती व्हेल्मा हर्टल, आणि या सभागृहात, म्हणजे आगीचा बंब बाहेर काढून मोकळ्या केलेल्या या जागेत, दाटीवाटीने बसलेल्या माझ्या लाँग रीचकर बंधुभगिनींनो,

मी एल्विन कॉर्कम. जन्मभर शाळेची बस चालवली. त्यामुळे पाठीमागून होणाऱ्या गोंगाटाची मला सवय आहे, पण समोर बसलेल्या माणसांच्या शांततेची अजिबात नाही. अध्यक्षांनी मला आधीच बजावलंय, "एल्विन, शेवंडांचं चावडर सूप निवतंय, आवरतं घे." प्रयत्न करतो. जमेल असं वचन देत नाही.

तर मंडळी, आपली व्हेल्मा चालली. लेकीकडे, तिकडे दूर पश्चिमेला, समुद्र नसलेल्या अल्बर्टात, एका उंच इमारतीत. तिथली हवा म्हणे इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. आता यावर काय म्हणावं? ज्या बाईने अख्खी हयात ओल्या लाकडाशी भांडण्यात घालवली, तिला देवाने म्हातारपणी कोरडी हवा दिली आणि लाकूड तेवढं काढून घेतलं!

आपल्याकडे घर दोन खोल्यांचं असलं तरी चालतं, पण समुद्राकडे तोंड केलेला लाकडी ओटा हवाच. डेक नाही ते घर कसलं? मग त्या ओट्यावर खारं वारं बसतं, धुकं बसतं, बर्फ बसतो, आणि यातून जागा उरली तर माणसं बसतात. लाकूड करडं पडतं, शेवाळतं, चिरा जातात. मग आपण उठतो आणि सहकारी दुकानातल्या रंगांच्या कोपऱ्यात व्हेल्मासमोर जाऊन उभे राहतो. गिऱ्हाइकाला माल न विकल्याबद्दल कुणाचा सत्कार झालेला तुम्ही ऐकलाय? आज तो आपण करतो आहोत. मी स्वतः पैसे हातात घेऊन उभा होतो, आणि ही लाकडाला लावायच्या तेलाचा डबा पाठीमागे धरून मला विचारते, "लाकूड सुकलंय का?"

"सुकलं असेल की."

"असेल म्हणणाऱ्याला मी तेल देत नाही. घरी जा."

आणि चिंध्या! अध्यक्ष हसतायत बघा. लाकडाला तेल लावून झालं की ती चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेट घेते, हे या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, कारण व्हेल्मा ते रस्त्यातून ओरडत जाते. आपल्या गावात लोकांचे कपडे एकवेळ दोरीवर दिसणार नाहीत, पण तेलाच्या चिंध्या कुंपणावर सरळ पसरलेल्या दिसतील. किन्ली, तुझ्या दलाला निवांत झोप मिळते ती हिच्या घशामुळे. तिची गाडी चालवण्याची तऱ्हा आणि तिने केलेलं पुडिंग यांबद्दल मी आज बोलणार नाही. सत्काराला सत्कारासारखं राहू द्यावं.

पण एक गोष्ट मला सांगायची आहे. तीत माझी बायको म्युरिएल आहे. तुम्ही सगळे तिला ओळखत होता. तिच्या आजाराचं नावही तुम्हाला माहीत आहे, ते परत घेत नाही. हॉस्पिटलातून तिला घरी आणलं ते मे महिन्याच्या शेवटी. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा निघेल कदाचित. मी तिला विचारलं, तुला काय हवंय? ती म्हणाली, "बाहेर बसायचंय. ओट्यावर."

आता आमचा ओटा कसा होता? माझे मेव्हणे लॉइड यांनी मोठ्या प्रेमाने त्याला जाड, चकचकीत, राखाडी रंग फासला होता. लॉइड, मान खाली घालू नकोस, सगळ्यांना माहीत आहे. वरून कीर्तन आणि आतून तमाशा! रंगाचे पापुद्रे सुटलेले, त्याखाली पाणी कोंडलेलं, फळ्या कुजलेल्या. मी आणि लॉइडने तो सगळा रंग खरवडला, कुजक्या फळ्या बदलल्या, घासून धुतलं. आता तेल लावलं की झालं, म्युरिएलला त्यावर राणीसारखी बसवतो, असं मी मनात धरलं होतं. आणि धुकं आलं. कसलं धुकं! कुंपणावरचा कावळा दिसेना.

व्हेल्मा रोज दुकानात जाताना आमच्याकडे यायची. हातात कप. फळीवर चार थेंब पाणी ओतायची आणि वाकून बघत राहायची. थेंब तसेच बसून राहायचे. "फळी पाणी पीत नाही, तोवर तेलही पिणार नाही. आज नाही, एल्विन." दुसऱ्या दिवशी, आज नाही. पुढच्या आठवड्यात, आज नाही. म्युरिएल दिवसेंदिवस बारीक होत चाललेली, आणि या बाईचं आपलं एकच तुणतुणं.

एक दिवस माझा तोल गेला. स्वयंपाकघरात तिला गाठून मी दबक्या आवाजात म्हणालो, "तुझ्या लाकडाकडे वेळ आहे. माझ्या बायकोकडे नाही."

आतल्या खोलीतून आवाज आला, "मी आजारी आहे एल्विन, बहिरी नाही."

मग व्हेल्मा मला म्हणाली, "अरे बाबा, पण तेल लावल्याशिवाय तिने बाहेर बसायचं नाही, असं कुणी ठरवलं?"

"मीच. तिच्यासाठी ओटा नीट नको व्हायला?"

"तेल लाकडासाठी असतं. बसणं माणसासाठी असतं. या दोन्हींची गाठ तू मारलीस, मी नाही. खुर्ची कुठंय?"

आमची ती रुंद लाकडी खुर्ची आम्ही दोघांनी उचलून बाहेर ठेवली, आणि मग म्युरिएलला. गोधडीत गुंडाळून, ओल्या, उघड्या, तेल न लावलेल्या फळ्यांवर. समुद्र काही दिसत नव्हता. पण शेवंडांचे पिंजरे घेऊन बोटी परत येत होत्या, आणि नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून ती कोणाची बोट कोणती ते सांगत होती. एकदाही चुकली नाही. मी दारात उभा राहून रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

पुढे ऊन पडलं. थेंब ओतले आणि फळीने ते पिऊन टाकले. व्हेल्मा म्हणाली, "आज." तर आता म्युरिएलबाई अडून बसल्या! तेल लावलं की ते वाळेपर्यंत ओटा बंद, आणि ती म्हणते, "मी एक दिवससुद्धा आत जाणार नाही." करा काय करायचं ते.

व्हेल्माने वाद घातला नाही. गुडघ्यांवर बसून तिने वितीने खुर्चीचे पाय मोजले, कुठला पाय कुठल्या फळीवर येतो ते बघितलं, आणि सांगितलं, "एकाआड एक. ही फळी सोडायची, ही करायची. खुर्ची कोरड्या फळीवर, आपण कोरड्या फळीवर. उरलेल्या नंतर." त्या दिवशी तिने रंगांचा कोपरा बंद ठेवला. ऐन शनिवारी! गावाला वाटलं ही मेली.

आणि मग आम्ही तेल लावलं. हा एवढा देह घेऊन मी फळ्या चुकवत, चहाचा कप सांभाळत, टिक्करबिल्ला खेळणाऱ्या पोरीसारखा उड्या मारत होतो. म्युरिएल इतकी हसली की तिला खोकला लागला. खोकला थांबल्यावर पुन्हा हसली. कित्येक महिन्यांत ते हसणं मी ऐकलं नव्हतं.

उरलेल्या फळ्या दोन दिवसांनी करायच्या होत्या, पण धुकं परत आलं आणि त्या राहूनच गेल्या. म्युरिएल तो सगळा उन्हाळा त्या पट्ट्यापट्ट्यांच्या ओट्यावर बसली. शरदात ब्लूबेरीची झुडपं लाल झाली तेव्हा ती गेली.

पुढच्या वसंतात व्हेल्मा कप घेऊन आली. सोडलेल्या फळ्यांवर पाणी ओतलं, आणि म्हणाली, "तयार आहे."

मी म्हणालो, "मी नाही."

"बरं," म्हणाली, आणि कपात उरलेलं पाणी गवतावर टाकून दुकानात गेली. त्याच्या पुढच्या वर्षीही आली. उघड्या फळ्या करड्या पडत होत्या, चिरत होत्या. लाकडाचे असे हाल दिसले की दुसऱ्यांच्या अंगणात शिरून आरडाओरडा करणारी ही बाई, पण माझ्या ओट्यावर तिने तोंडातून ब्र काढला नाही. हे तिला किती जड गेलं असेल, हे फक्त लाँग रीचमधल्या माणसालाच कळेल.

या जूनमध्ये ती आपण गाव सोडणार हे सांगायला आली. मी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालो, "व्हेल्मा, आज करू या." आम्ही करड्या फळ्या घासल्या, सुकू दिल्या, आणि ऊन आलं त्या दिवशी तेल लावलं. शेवटची फळी झाली तेव्हा ओट्यावर पाय ठेवायला जागाच उरली नव्हती, म्हणून दोघं खाली गवतात उभे राहून बघत होतो.

व्हेल्मा म्हणाली, "म्युरिएलला आवडलं असतं."

मी म्हणालो, "म्युरिएल म्हणाली असती, फार गडद झालंय."

ती म्हणाली, "झालंयच जरा."

असो. अध्यक्षमहाराज, आटोपतोच. ज्या बायकांनी सकाळपासून ब्लूबेरीचे केक केले त्यांचे, आणि ज्यांनी माझं हे लांबलेलं भाषण खुर्च्या न वाजवता ऐकलं त्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाच्या रंगाला, मेव्हण्याला किंवा पुडिंगला नावं ठेवली गेली असतील, तर या वयात मला शिकवण्यात अर्थ नाही असं समजून पोटात घाला.

आणि व्हेल्मा, माझ्या बायकोला तिचा शेवटचा उन्हाळा घराबाहेर मिळाला. माझ्या हट्टापायी तो खिडकीतून बघण्यात गेला असता. तू तिला उचलून बाहेर नेलंस. तिच्या वतीने आणि माझ्या वतीने, मनापासून आभार.