मारलेलं प्यादं

डोळ्यांत औषधाचे थेंब घालून शिंपीणबाई दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारचे दोन म्हातारे त्यांना दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते.

"दाजी, बाबांचं ते शेवटचं प्यादं तुम्ही मारलंत कशाला?"

"चाळीस वर्षं तेच विचारतोस! मारलं, झालं."

"अहो, तुमच्याकडे दोन घोडे. एकानं प्यादं अडवायचं, राजाला कोपऱ्यात रेटायचं, मग प्यादं सोडायचं. कोंडलेल्या राजाला चाल उरली नाही तरी ते चालतं, म्हणून तर मात देता येते. प्यादं मेलं की नुसत्या दोन घोड्यांनी मात होत नाही, डाव बरोबरीत. बाबांनीच शिकवलं होतं ना तुम्हाला?"

"विसरलो. लग्नाला आठवडा झालेला, समोर सासरे, त्यांचाच पट. घाई झाली."

"पट आवरताना बाबा आईला काय म्हणाले, सांगू?"

"काय?"

"म्हणाले, 'जावई विसरला नाही हो. पोरगी चांगल्या घरी पडली.'"

"आणि हे तू मला आज सांगतोस?"

"बाबांनी बजावलं होतं, मुद्दाम मारलं हे जावई स्वतः कबूल करेपर्यंत बोलायचं नाही."

"मग? मी अजून कुठे कबूल केलंय?"