माळकरी रोहू

शीळफाट्यावर एसटीच्या रांगेत सुमेधा उभी होती. श्रावण संपायला अजून अकरा दिवस होते आणि ते ती रोज मोजत होती. पुढे दोन कोळणी रिकाम्या पाट्या घेऊन बोलत होत्या.

"आवडाबाय, तुझ्या घरवाल्यांनी माळ घातली, मग घरात मासळी बंद?"

"पाच महिने झाले, सगुणा. बाजारात मासे विकते नि घरी येऊन दुधी खाते."

"अरे देवा."

"मागं आमच्या तळ्यावर मच्छीखात्याचा साहेब आलेला. बोलला, माशांना सुकटीचा भुगा घालू नका. सोयाबीन नि शेंगदाण्याची पेंड घाला."

"माशाला पेंड? गाय हाय का ती?"

"खातात ना. चार महिने झाले, आमच्या रोहूनी सुकट तोंडात धरली नाय."

"म्हणजे मासा माळकरी झाला."

"तेच मी काल रोहूचं कालवण रांधून ह्यांना बोलले. हा तुमच्यापेक्षा कडक पाळतो. तुम्ही येताजाता सुकटीचा वास तरी घेता."

"मग?"

"बोलले, माळकरी हाय तर त्याच्या गळ्यात माळ कुठंय?"

"मग गं?"

"मी बोलले, आधी त्याचा गळा दाखवा."

"दाखवला?"

"कालवणाचं ताट पुढ्यात ओढलं नि शोधत बसले. पार शेपटीपर्यंत शोधलं."

सुमेधाची एसटी आली. ती चढली नाही.

"अहो बाई," ती वाकून हळूच म्हणाली, "आमच्याकडे गळा शोधणारे चौघं आहेत. तुम्ही कुठल्या बाजारात बसता?"