एका रात्रीचा व्हिसा

नाही नाही, बसा ना, ही बॅग काढते मी — तुमचंही विमान चुकलं वाटतं? म्हणजे आपण समदुःखी! आमचं पहिलंच उशिरा सुटलं, इथे धापा टाकत पोचले तर डोळ्यांदेखत दुसऱ्याचं दार बंद. आता पुढचं थेट उद्या सकाळी. काउंटरवरची मुलगी म्हणे, हॉटेल आम्ही देऊ, पण बाहेर पडायला ट्रान्झिट व्हिसा लागेल. का? एका रात्रीसाठी? मी काय इथे संसार मांडणार आहे? तर म्हणे, व्हिसा नाही मिळाला तर हा हॉल रात्री बंद होतो, तुम्हाला परतीच्या विमानात बसवू. परत! अहो, उद्या हे तिकडे वाट बघत उभे राहणार, आणि मी घरी जाऊन कुलूप उघडू?

मिस्टर? छे, मिस्टर जाऊन कितीतरी वर्षं झाली. हे म्हणजे — अगं बाई, तोंडातून निघूनच गेलं की! त्यांच्यासमोरसुद्धा कधी 'हे' म्हटलं नव्हतं. जाऊ दे, तुम्ही कुठे मला परत भेटणार आहात — उद्या माझं लग्न आहे. हसा, हसा, मलाही हसू येतं. मी दातांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट देते, आणि हे पियानो सुरात लावून देतात — कवळी बसवायला आले होते. कवळी पहिल्याच दिवशी नीट बसली, तरी आठवड्याआड हजर, 'जरा टोचतेय' म्हणून. डॉक्टरांना कळेना काय टोचतंय. मला कळत होतं. मग हे बहिणीकडे तिकडे राहायला गेले, आणि म्हणाले, तुम्हीही या.

मुलाला? मुलाला सांगितलंय, मैत्रिणीकडे जाते. काय सांगणार? गुणी आहे हो, पण बाबांच्या खुर्चीत अजून कुणाला बसू देत नाही — मलासुद्धा.

तर मघाशी व्हिसाच्या खिडकीतल्या साहेबानं विचारलं, पुढे कशासाठी चाललात? मैत्रिणीकडे म्हणणार होते, पण तो चष्म्यावरून असा बघत होता — म्हटलं, लग्नाला. कुणाच्या? म्हटलं, माझ्या! इतक्या मोठ्यानं की मागची अख्खी रांग वाकून बघायला लागली. मग म्हणाला, घरच्या कुणाचा नंबर द्या, खात्री करतो. ह्यांचा फोन कायम दुसऱ्या खोलीत, उचललाच नाही. आणि मला पाठ असलेला दुसरा नंबर एकच — मुलाचा. दिला. न देऊन सांगते कुणाला? काचेपलीकडे तो बोलत होता आणि इकडे मी बॅगेची चेन नुसती उघडत-लावत होते. बोलला, ऐकलं, आणि ठप्पकन शिक्का मारला — हा बघा. पण मुलगा काय म्हणाला ते सांगेना. 'तो फोन करेल', एवढंच. हॉटेलची गाडी केव्हाची उभी आहे, माझा पायच निघत नाही.

वाजला की! तोच. उचलू? — हॅलो... हो रे, मीच... छे, रडतेय कुठे, इथे गार आहे फार... अरे, सांगणारच होते... काय? काय घालणार म्हणजे? नवीन घेतलीय, साधीच... ती? बाबांनी आणलेली, निळी?... आहे, आणलीय बरोबर, का ते विचारू नकोस... तीच नेसू? चालेल तुला?

— अहो, तुम्ही जरा त्या पलीकडच्या बाकावर बसता का? मला माझ्या मुलाशी बोलायचंय.